चतुरंग, मावळा आणि मातीचा किल्ला : लघुसेनेच्या मराठी शब्दसंपदेचा एक अभ्यास

१

छोट्या आकृतींचे सैन्य मांडून युद्धाचा खेळ खेळणे आणि त्या सैन्यासाठी डोंगर, तट व पडक्या वास्तू यांची लहान प्रमाणावर रचना करणे, हा आज जगात अनेक देशांत रुजलेला छंद आहे. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या १९७५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ प्रसिद्ध केला. अतिदूरच्या भविष्यकाळातील काल्पनिक युद्धे हा त्याचा विषय असल्यामुळे विज्ञानकथेच्या वाचकांना त्याचे विशेष आकर्षण वाटले. या खेळात सैनिक तयार रंगवून मिळत नाहीत. खेळणाऱ्याने ते स्वतः जोडावयाचे, स्वतः रंगवावयाचे आणि ज्या भूमीवर ते लढणार तीही बहुधा स्वतःच उभी करावयाची असते. आता हा छंद मराठी तरुणांपर्यंतही येऊन पोहोचला आहे. आणि त्याविषयी बोलताना ते जवळजवळ सर्वच शब्द इंग्रजीतून घेतात.

ही गोष्ट पाहून ‘या विषयाला मराठीत शब्दच नाहीत’ असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. लघुसेना मांडण्याची, ती रंगविण्याची व तिच्यासाठी भूमी रचण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिची शब्दसंपदाही आहे. मात्र ती तीन निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली आहे : बुद्धिबळाच्या पटावर, चिताऱ्यांच्या व मूर्तिकारांच्या हातात आणि दिवाळीच्या किल्ल्यावर. या तिहींपैकी शेवटचे ठिकाण आज सर्वांत अधिक धोक्यात आहे. रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून या तिन्ही ठिकाणांचा क्रमाने विचार करू.

२

प्रथम पट. ‘चतुरंग’ हा शब्द मुळात सैन्याचा आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे. यावरून चतुरंग सेना. त्या सेनेचे लहान रूप आठ घरांच्या अष्टापद पटावर मांडले गेले आणि खेळालाही तेच नाव मिळाले. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरितात’ या दोन अर्थांवर श्लेष साधला आहे. म्हणजे त्या वेळी दोन्ही अर्थ वाचकांना परिचित होते. पुढे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे वर्णन येते. या राजाचे राज्य आजच्या महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागावर होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

हा शब्द इराणात जाऊन ‘चतरंग’ झाला, अरबीत ‘शतरंज’ झाला आणि मुसलमानी अमलाबरोबर नव्या वेषात पुन्हा आपल्याकडे आला. परत येताना त्याने बरोबर आणलेला परिवार मराठीने ठेवून घेतला. ‘प्यादे’ हा फारसी ‘पियादा’, अर्थात पायी चालणारा शिपाई. ‘शह’ म्हणजे शाह, राजा. ‘मोहरा’, ‘वजीर’ व ‘मात’ हे शब्दही याच वाटेने आले. यांतील कित्येक शब्द पट सोडून व्यवहारात शिरले. ‘शह देणे’, ‘काटशह’, ‘प्याद्यासारखा वापर करणे’ या प्रयोगांत आता खेळाची आठवणही कोणास होत नाही. इंग्रजीतील ‘पॉन’ या शब्दाच्या मुळाशीही पायच आहे. म्हणजे पायदळाच्या शिपायाचे पटावरील सोंगटीत रूपांतर होण्याची क्रिया दोन्ही भाषांत घडलेली दिसते.

मराठी पटावर आणखी एक लक्षणीय बदल झाला. चार अंगांपैकी रथ नाहीसा झाला; कोपऱ्यात हत्ती गेला आणि तिरप्या चालीचा मान उंटाला मिळाला. बंगालीत मात्र त्याच कोपऱ्यातील मोहऱ्याला ‘नौका’ म्हणतात. नद्यांच्या प्रदेशाने पटावर होडी आणली. परंतु गलबते आणि गुराबे बांधणाऱ्या, आरमाराच्या पराक्रमाने गाजलेल्या कोकणाने ती आणली नाही. कोकणातला मुलगा, ज्या जनावराचा त्याच्या भूमीशी काही संबंध नाही, त्या उंटालाच पटावर चालवीत राहिला. यावरून एक नियम सुचतो. खेळाची नावे खेळणाऱ्याच्या भूमीवरून पडतातच असे नाही. ज्या मार्गाने खेळ आला त्या मार्गावरून ती पुष्कळदा पडतात. पुढे ‘मावळा’ या शब्दाचा विचार करताना या नियमाचा आपल्याला उपयोग होईल.

३

युरोपात चतुरंगाच्या याच वंशजापासून युद्धखेळाचा नवा प्रकार निघाला. ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या अध्यापकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यातील घरांना भूमीचे गुण दिले; कोठे डोंगर, कोठे नदी, कोठे दलदल. प्रशियातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने आणखी पुढची पायरी गाठली. त्याने आरंभी ओल्या वाळूत भूमीचा देखावा करून त्यावर खेळ मांडला होता. परंतु राजापुढे वाळू नेणे त्याला शोभेनासे वाटले; म्हणून १८१२ साली त्याने एक मोठे मेज तयार केले आणि त्यावर मांडावयाचे, डोंगर-नद्या-रस्ते दाखविणारे रंगीत तुकडे बनविले. हे तुकडे पाहिजे तसे हलवून नवनवी भूमी रचता येत असे. त्याच्या मुलाने १८२४ साली उठावाची भूमी सोडून १ : ८००० प्रमाणाचा नकाशा घेतला, पंचाची नेमणूक केली, हानी ठरविण्यासाठी फासे आणले आणि प्रशियाच्या सेनेने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

हा खेळ घरात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एच. जी. वेल्स याला द्यावे लागेल. मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी १८९८ साली लिहिणाऱ्या या लेखकाने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात शिशाच्या सैनिकांनी जमिनीवर खेळावयाच्या युद्धाचे नियम दिले. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव सैनिक काढल्यामुळे अशी सेना मध्यम वर्गाच्या आटोक्यात आली होती. वेल्सची झाडे म्हणजे बागेतील डहाळ्या आणि घरे म्हणजे मुलांचे लाकडी ठोकळे. खऱ्या युद्धापेक्षा हे लहान युद्ध किती बरे, असा त्याच्या पुस्तकाचा अभिप्राय होता; पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. विज्ञानकथा आणि लघुसेना यांची गाठ अशी एकाच लेखकाच्या हातून प्रथम पडली. १९८७ सालच्या खेळाने ती पक्की केली, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व विकासात एक सूत्र आहे. युरोपीय युद्धखेळात भूमी ही शोभेची वस्तू नसून नियमाचा भाग आहे. टेकडीआड उभा असलेला शत्रू दिसत नाही. पडक्या भिंतीची आड घेणारा वाचतो. रानातून जाणाऱ्याची चाल मंदावते. कोठून काय दिसते, हा या खेळातील मुख्य प्रश्न होय.

४

आता आपल्या किल्ल्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्राच्या घराघरांपुढे मुले मातीचा किल्ला करतात. दगड-विटांचा उंचवटा रचावयाचा, त्यावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरावयाचे, वरून माती थापून कडे, वाटा व तट काढावयाचे, चार-पाच दिवस आधी हळीव, मोहरी किंवा नाचणी पेरून डोंगराला हिरवेपण आणावयाचे, आणि शेवटी शिखरावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज व खाली मावळे मांडावयाचे, हा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. रत्नागिरीकडे सामग्री भूमीच पुरविते. जांभ्याचा चिरा फोडला की कड्याचे रूप आपोआप येते. माती लाल असल्यामुळे गेरूची गरज भासत नाही. आणि पावसाळा नुकताच सरलेला असल्याने गडग्यांवरचे शेवाळ गवताच्या जागी चालते.

या किल्ल्याच्या अवयवांची नावे पाहिली असता भाषेच्या अभ्यासकाला त्यात इतिहासाचे थर दिसतात. ‘तट’ संस्कृत आहे. ‘किल्ला’ व ‘बुरूज’ अरबी आहेत. त्यांतही ‘बुरूज’ हे मूळचे अनेकवचन असून मराठीने ते एकवचन म्हणून वापरले. ‘खंदक’ अरबी-फारसीतून आला. ‘बालेकिल्ला’ यातील ‘बाला’ म्हणजे वरचा, हे फारसी. बंदूक रोखण्यासाठी तटाला ठेवलेले भोक ती ‘जंगी’. तिच्या मुळाशी ‘जंग’ म्हणजे युद्ध आहे. यांच्या जोडीला माची, फांजी, चर्या, दिंडी, देवडी, टाके हे शब्द आहेत. राज्याभिषेकानंतर (१६७४) महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त दहा वर्ग आहेत आणि त्यांत ‘चतुरंगवर्ग’ व ‘दुर्गवर्ग’ असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्या कोशाचा हेतू. त्याच दृष्टीची खूण म्हणून रत्नदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावे पाहता येतील. तथापि मुलांनी मात्र दिवाळीत ‘किल्ला’च केला, ‘दिवाळीचा दुर्ग’ असे कोणी म्हणत नाही. राजाज्ञेने विशेषनामे बदलली, सामान्यनाम लोकांच्या तोंडी तसेच राहिले.

येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे (१७१५) स्मरण होणे साहजिक आहे. त्यातील दुर्गप्रकरणात सांगितलेली तत्त्वे अशी : आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा, शेजारी किल्ल्याच्या माऱ्यात येणारा दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने फोडावा किंवा बांधून घ्यावा, दरवाजा खालून थेट दिसू नये, त्यापुढे बुरुजांची आड असावी, एकच दरवाजा हा दोष समजावा आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. हे नियम वाचताना असे लक्षात येते की, कोठून काय दिसते व कोठे आड मिळते, हाच त्यांचाही गाभा आहे. प्रशियाच्या खेळात फाशांनी आणि पंचाच्या निर्णयाने जे शिकविले जात असे, ते येथे गद्य उपदेशाच्या रूपाने त्यापूर्वी शंभर वर्षे लिहिले गेले आहे. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी रचना ज्या मुलाने चिखलात एकदा करून पाहिली, त्याला दरवाजा वळणाआड का लपविला याचे कारण सांगावे लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्याला डाव नाही, फासे नाहीत, हार-जीत नाही. परंतु भूमीचा नियम त्यात आहे. म्हणून तो निव्वळ देखावा आहे असे म्हणणे अपुरे ठरेल.

५

किल्ल्यावर मांडण्याच्या आकृतींना पुण्याकडे ‘चित्रे’ म्हणतात. त्रिमिती वस्तूला ‘चित्र’ म्हणणे आजच्या कानाला चमत्कारिक वाटते. पण संस्कृत शिल्पग्रंथांत पूर्ण घडविलेल्या मूर्तीलाही ‘चित्र’ ही संज्ञा आहे. हा जुना अर्थ पंडितांच्या ग्रंथांबाहेर कुंभारवाड्यात आणि मुलांच्या बोलण्यात आढळावा, ही भाषेतील मौजेची गोष्ट आहे.

त्या चित्रांतील मुख्य तो ‘मावळा’. मूळ अर्थ मावळचा, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील खोऱ्यांचा रहिवासी. मग त्या खोऱ्यांतून आलेला महाराजांचा पायदळ शिपाई. मग महाराजांचा कोणताही सैनिक. आणि शेवटी बाजारात डझनावर मिळणारी बोटभर ते वीतभर उंचीची मातीची आकृती. प्याद्याने पटावर जो प्रवास केला, तोच मावळ्याने किल्ल्यावर केला.

परंतु रत्नागिरीच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उपस्थित होतो. दक्षिण कोकणातून आलेल्या पायदळ शिपायांना ‘हेटकरी’ म्हणत. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मावळे आणि हेटकरी हे दोन निराळे वर्ग सांगितले आहेत. मावळे तलवार घेऊन भिडणारे, तर हेटकरी नेमबाज बंदूकवाले. मग हेटकऱ्यांच्या या भूमीतील मुलाने आपल्या किल्ल्यावर मांडलेल्या शिपायाला ‘हेटकरी’ न म्हणता ‘मावळा’ का म्हणावे?

याचे उत्तर उंटाच्या उदाहरणात आहे. नाव भूमीवरून पडले नाही. ज्या मार्गाने आकृती व तिची कथा आली, त्या मार्गावरून पडले. ज्या काळी दोन्ही नावे लोकांच्या तोंडी होती, त्या काळी रत्नागिरीच्या मुलाने आपल्याच आळीतल्या शिपायाच्या प्रतिमेला घाटावरचे नाव दिले नसते. तेव्हा ‘मावळा’ हे नाव येथे आले ते हेटकऱ्याची आठवण पुसट झाल्यावर. पोवाडे, १८९६ पासून रायगडावर सुरू झालेला शिवोत्सव, शालेय पुस्तके आणि घाटावरच्या बाजारपेठा या वाटांनी ते आले असावे, असे अनुमान निघते. उलट माची, बुरूज, दिंडी, टाके ही नावे येथल्या मुलाला पुस्तकातून घेण्याचे कारण नव्हते. रत्नदुर्ग, पूर्णगड, जयगड, गोपाळगड आणि सुवर्णदुर्ग हे त्याच्या जिल्ह्यातच उभे आहेत. तात्पर्य, एकाच किल्ल्यावर दोन वयांचे शब्द नांदतात : वास्तूचे शब्द जुने आणि स्थानिक, सैन्याचे शब्द नवे आणि आलेले. दिवाळीच्या किल्ल्याची प्रथा सर्वच्या सर्व शिवकालीन मानणाऱ्यांनी आणि ती सर्वस्वी अर्वाचीन ठरविणाऱ्यांनीही हा भेद विचारात घ्यावा.

६

राहिला रंगकामाचा शब्दसंग्रह. या बाबतीत दक्षिण कोकण विशेष समृद्ध आहे. सावंतवाडी हे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्या वर्षी सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. तेथील चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी व हाताने रंगविलेला गंजिफा होत आला आहे. दशावतारी गंजिफ्याची १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची १२. पानावर चिंचोक्याची खळ व खडूचा थर चढवून, मग रंग आणि शेवटी लाख, असा त्याचा क्रम. ‘चितारी’ हा शब्दच ‘चित्रकार’ याचे प्राकृत-मराठी रूप आहे. कोकणात ज्या जागी गणपती घडतात व रंगतात, तिला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. तेथे मातीचा ‘साचा’ असतो, रंगाचा ‘हात’ देतात, आणि अगदी शेवटी कुशल माणूस डोळ्यांची ‘आखणी’ करतो.

आता परदेशी लघुसेना रंगविणाऱ्याची कृती पाहा. प्रथम एकरंगी अस्तर. मग अंगरखा, कातडे, शस्त्र यांचे मूळ रंग. मग खाचांत उतरणारा पातळ गडद रंग. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजाळा. आणि शेवटी डोळे. साधने भिन्न आहेत, क्रम मात्र तोच आहे. प्रमाणाविषयीही साम्य दिसते. सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या त्या आकृतींचे डोके, हात व शस्त्रे मुद्दाम मोठी करतात, कारण हातभर अंतरावरून ती ओळखू आली पाहिजेत. आमच्या मावळ्याच्या मिशा, पागोटे व ढाल याच कारणाने मोठी असतात. आणि महाराज तर दरवाज्याहूनही उंच असतात, कारण तेथे माप उंचीचे नसून मानाचे आहे. या सर्व क्रियांसाठी अस्तर, हात, उजाळा, आखणी, साचा, आड हे शब्द आपल्याजवळ तयार आहेत. नवे शब्द घडविण्याच्या भरीस पडण्यापूर्वी शाळेतल्या मूर्तिकाराला विचारावे, हे बरे.

७

शेवटी प्रस्तुत विषयातील चिंतेची बाजू. अलीकडे प्लॅस्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो. तो दारात आणून ठेवला की काम संपते. राइसविट्झनेही वाळू सोडून तयार तुकडे घेतले होते. परंतु ते तुकडे हलविता येत, रोज नवी भूमी रचता येई, आणि म्हणून ओल्या वाळूतून जे शिकता येत होते ते कायम राहिले. बाजारचा किल्ला अखंड असतो. त्यात दरवाजा कोठे ठेवावा हा प्रश्न मुलापुढे येत नाही, पाणी कोठे अडवावे हे ठरवावे लागत नाही, आणि जो अवयव हाताने घडवावा लागत नाही त्याचे नाव विचारण्याचा प्रसंगही येत नाही. फांजी आणि जंगी हे शब्द आज व्यवहारात कोणी वापरीत नाही. ते पुस्तकाबाहेर जिवंत राहिले असतील तर ते मुख्यतः या चिखलाच्या आधाराने. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत आपल्या जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग आहे. दगडी तटांची काळजी घेण्यास त्यामुळे बळ मिळेल. त्या तटांच्या नावांची काळजी घेणे हे मात्र भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. मंडणगड ते राजापूर या जिल्ह्यातील नऊ तालुक्यांत पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या आठवड्यात हिंडून मुलांच्या किल्ल्यांवरील शब्द टिपावेत : कोणत्या अवयवाला काय म्हणतात, कोणता शब्द घरातील वडीलधाऱ्यांकडून आला, कोणता शाळेतून आणि कोणता बाजारातून. मुलांना नावे सांगून मग ती वदवून घेऊ नयेत. बोट दाखवून विचारावे. जेथे तयार किल्ला मांडला असेल तेथेही हेच प्रश्न विचारावेत, म्हणजे दोहोंतील अंतर आकड्यांनी कळेल. ‘हेटकरी’ हा शब्द एखाद्या आडगावी, एखाद्या आजोबांच्या तोंडी अजून सापडण्याचा संभव आहे. तसा तो सापडल्यास पाचव्या भागात काढलेल्या अनुमानात फेर करावा लागेल, आणि तो फेर स्वागतार्हच ठरेल.